नकार मसुद्याला की व्यक्तीला? : डॉना स्ट्रिकलंड प्रकरण

२ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. अर्धा पुरस्कार आर्थर ॲश्किन यांना, उरलेल्या अर्ध्यात जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना समान वाटा. मेरी क्युरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या स्ट्रिकलंड तिसऱ्याच महिला, त्याही ५५ वर्षांच्या खंडानंतर. असे नाव कानावर पडले की माणूस ते लगेच शोधून पाहतो. त्या दिवशी ज्यांनी इंग्रजी विकिपीडियावर शोध घेतला, त्यांना मूरू यांचा लेख सापडला. तो २००५ पासून होता. स्ट्रिकलंड यांच्यावर सकाळपर्यंत लेखच नव्हता. बातमीनंतर तो घाईघाईने उभा राहिला.

थोड्याच वेळात दुसरी गोष्ट उघड झाली. त्यांच्यावरचा लेखाचा मसुदा त्याच वर्षी मार्चमध्ये एका सदस्याने पाठवला होता आणि २३ मे रोजी तो तपासणाऱ्या सदस्याने नाकारला होता. कारण दिले होते ते उल्लेखनीयतेचे, म्हणजे विषय स्वतंत्र लेखाला पात्र आहे की नाही याचे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: नोबेल विजेती विकिपीडियाच्या लेखी दखलपात्र नव्हती.

हा सूर मला अपुरा वाटतो. त्याने राग येतो, पण पुढच्या मसुद्याच्या वेळी काय वेगळे करायचे ते कळत नाही. मसुदे तपासायला बसणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा तरी नीट उलगडून पाहावे, कारण त्यात निर्णय नेमका कोणत्या जागी घसरला ते बोट ठेवून दाखवता येते.

आधी नकाराचे शब्द पाहू. मसुदा परत पाठवताना जो ठरावीक संदेश लावतात, त्याचा आशय असा: दिलेल्या संदर्भांवरून हा विषय लेखास पात्र असल्याचे दिसत नाही, म्हणजेच विषयापासून स्वतंत्र असलेल्या, प्रकाशित, विश्वासार्ह अशा दुय्यम स्रोतांनी त्याची भरीव दखल घेतल्याचे, नुसता ओझरता उल्लेख केला नसल्याचे, संदर्भ दाखवत नाहीत.

वाक्य कोरडे आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द अनुभवातून आला आहे. ‘स्वतंत्र’ म्हणजे ज्याला त्या व्यक्तीचे नाव मोठे होण्यात काही मिळवायचे नाही असा. विद्यापीठ आपल्या प्राध्यापकांचे कौतुक करणारच, कंपनी आपल्या संचालकांचे करणारच. ‘दुय्यम’ म्हणजे त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेले नव्हे. तिच्याविषयी दुसऱ्या कोणी माहिती गोळा करून, पारखून लिहिलेले. स्वतःचे शोधनिबंध, स्वतःच्या प्रयोगशाळेचे पान, स्वतःची मुलाखत यांतून माणूस काय म्हणतो ते कळते. जगाने त्याची काय दखल घेतली, ते कळत नाही. ‘भरीव’ म्हणजे चार लोकांच्या यादीत नाव असणे पुरेसे नाही. त्या मजकुरावरून लेख उभा करता आला पाहिजे. ही चाळणी नसती तर ज्ञानकोश जाहिरातींनी भरून गेला असता. रोज येणाऱ्या मसुद्यांत स्वतःची दुकाने, स्वतःचे गुरू आणि स्वतःचीच चरित्रे यांचा लोंढा किती असतो, हे ज्याने पाहिले आहे तो या वाक्याला नावे ठेवणार नाही.

पण त्या वाक्यात एक शब्द असा आहे की ज्याच्यावरून डोळे सहज घसरतात: ‘संदर्भांवरून’. हा निवाडा मसुद्याला जोडलेल्या संदर्भांविषयी आहे. व्यक्ती पात्र नाही असे त्यात म्हटलेले नाही. पात्रता या कागदांवरून दिसली नाही, इतकेच म्हटले आहे. नियमांच्या भाषेत हा फरक फार मोठा आहे. उल्लेखनीयता ठरते ती जगात स्रोत उपलब्ध आहेत की नाहीत यावर. मसुदा लिहिणाऱ्याने त्यातले किती जोडले, यावर ती ठरत नाही, असे तेच नियम अन्यत्र स्पष्ट सांगतात. म्हणजे तपासणाऱ्यासमोर दोन प्रश्न असतात. हा मसुदा आज स्वीकारण्याजोगा आहे का? आणि ही व्यक्ती लेखाला पात्र आहे का? नकाराच्या ठरावीक संदेशात दोन्हींचे उत्तर एकाच दमात जाते. ज्याला तो मिळतो तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर वाचतो.

आता मधली सगळी गडबड बाजूला ठेवू आणि २३ मे २०१८ च्या टेबलावर जाऊन बसू. ऑक्टोबरमध्ये काय होणार आहे ते आपल्याला माहीत नाही. ही अट पाळली नाही तर या प्रकरणातून काहीच हाती लागत नाही, कारण नोबेलनंतर निर्णय कोणालाही घेता येतो.

समोर काय आहे? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक असलेल्या एक भौतिकशास्त्रज्ञ. इथेच पहिला खड्डा आहे. ‘सहयोगी प्राध्यापक’ हे शब्द वाचले की तपासणाऱ्याच्या मनात नकळत एक श्रेणी तयार होते: मधल्या फळीतली अभ्यासक, अजून पूर्ण प्राध्यापक झालेली नाही. पुरस्कारानंतर पत्रकारांनी त्यांना पदाविषयी विचारले, तेव्हा त्यांचे उत्तर साधे होते. पूर्ण प्राध्यापकपदासाठी त्यांनी कधी अर्जच केला नव्हता. पद हे विद्यापीठाच्या आतल्या व्यवस्थेचे माप आहे. ज्ञानशाखेवर माणसाची छाप किती, याचे ते माप नाही. पूर्ण प्राध्यापक आहे म्हणून कोणाला लेख मिळत नाही, तर सहयोगी आहे म्हणून कोणाचा अडूही नये.

दुसरी गोष्ट, काम. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात पीएचडी करत असताना स्ट्रिकलंड यांनी मार्गदर्शक मूरू यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. ‘ऑप्टिक्स कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात, अवघी तीन पाने, आणि पहिले नाव स्ट्रिकलंड यांचे. त्या काळी लेसरच्या अतिलघु स्पंदांची, म्हणजे अतिशय क्षणिक झोतांची, ताकद एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नव्हती. प्रकाश इतका तीव्र व्हायचा की ज्यात त्याची ताकद वाढवायची ते वर्धक माध्यमच तो जाळून टाकायचा. या दोघांनी स्पंद आधी ताणला, त्यासाठी त्याला १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून पाठवले. ताणल्यामुळे त्याची तीव्रता उतरली, मग तो सुरक्षितपणे वर्धित केला आणि शेवटी पुन्हा आवळला. आवळताना सगळी ऊर्जा एका क्षणार्धात एकवटते. चर्प्ड पल्स ॲम्प्लिफिकेशन, म्हणजे सीपीए, या नावाने ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. अतितीव्र लेसर जिथे जिथे वापरतात तिथे ती पायाशी आहे, आणि डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियांतही अतिलघु स्पंद वापरात आले. २०१८ पर्यंत त्या तीन पानांचा हजारो निबंधांत संदर्भ दिला गेला होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. विद्यार्थिदशेतला एक निबंध, तोही मार्गदर्शकासोबत. शोध मार्गदर्शकाचा, विद्यार्थिनीने प्रयोग केला असेल, असे म्हणून कोणी सगळे श्रेय मूरू यांच्या पानावर ठेवू शकतो. अशा वेळी सीपीएवर लेख असावा, मूरू यांच्यावर असावा आणि स्ट्रिकलंड यांचे नाव त्यात यावे, इतकेच पुरे, हा युक्तिवाद चर्चापानांवर नेहमी दिसतो. कधी कधी तो बरोबरही असतो. एका घटनेपुरत्या ओळखल्या गेलेल्या व्यक्तीवर वेगळा लेख करण्यापेक्षा त्या घटनेच्या लेखात तिची माहिती देणे अधिक रास्त ठरते. म्हणून फक्त १९८५ च्या निबंधावर थांबून कौल द्यायला मी स्वतः कचरलो असतो. निबंध मोठा आहे, पण त्याचे वजन दोघांत कसे वाटायचे याबद्दल माझे मत चालत नाही. ते कोणीतरी लिहिलेले असावे लागते.

तिसऱ्या गोष्टीशी मात्र वाद संपतो. स्ट्रिकलंड २००८ मध्ये ऑप्टिकल सोसायटीच्या (२०२१ पासून ‘ऑप्टिका’) फेलो झाल्या, २०११ मध्ये उपाध्यक्ष आणि २०१३ मध्ये अध्यक्ष. ही संस्था १९१६ पासूनची, प्रकाशशास्त्रातली जगातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक संस्थांपैकी एक, स्वतःची मान्यवर संशोधन नियतकालिके चालवणारी. तिथे सदस्य मतदान करून उपाध्यक्ष निवडतात आणि ती व्यक्ती क्रमाने अध्यक्षपदावर येते. म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकारांनीच मत देऊन त्यांना सर्वोच्च पदावर बसवले होते, नोबेलच्या पाच वर्षे आधी.

याला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी नियमांचे दुसरे पान उघडावे लागते. अभ्यासकांसाठी इंग्रजी विकिपीडियावर उल्लेखनीयतेचे वेगळे निकष आहेत, कारण शास्त्रज्ञांवर चरित्रात्मक लेख सहसा लिहिले जात नाहीत, हे तिथल्या संपादकांनी फार पूर्वीच ओळखले होते. खेळाडूने शतक ठोकले की दुसऱ्या दिवशी पाच वर्तमानपत्रांत त्याच्यावर स्तंभ येतात. प्रयोगशाळेत लेसरचा स्पंद आवळला गेला, तर त्याच्यावर पुढचे शंभर निबंध येतात, पण त्या व्यक्तीवर काहीच येत नाही. कामाची दखल भरपूर, माणसाची जवळजवळ शून्य. म्हणून या निकषांत आठ वाटा दिल्या आहेत आणि त्यातली एक जरी पूर्ण झाली तरी पुरते. आपल्या शाखेवर ठळक प्रभाव ही एक वाट. मोजक्यांनाच फेलो करणाऱ्या मोठ्या विद्वत्संस्थेचे फेलोपद, ही दुसरी. मोठ्या विद्वत्संस्थेचे सर्वोच्च निवडून आलेले पद, ही आणखी एक.

आणि या निकषांच्या तळटिपांसारख्या स्पष्टीकरणात एक ओळ आहे, जी या प्रकरणाची किल्ली आहे. एखाद्या व्यक्तीने असे पद भूषवले एवढे सिद्ध करायला त्या संस्थेचे स्वतःचे प्रकाशनही विश्वासार्ह धरावे. फक्त ती संस्था खरोखर मोठी आहे की नाही, हे ठरवताना तिच्या स्वतःच्या शब्दावर विसंबू नये. फेलोपदाबाबतही निवड करणाऱ्या संस्थेचे प्रकाशन पुरावा म्हणून चालते.

म्हणजे सर्वसाधारण नियमाखाली संस्थेचे पान हा ‘स्वतंत्र नसलेला’ स्रोत, म्हणून कमकुवत. अभ्यासकांच्या निकषांखाली तोच स्रोत, पदाच्या नोंदीपुरता, पुरेसा. एकच कागद, दोन चाळण्या, दोन निकाल. २३ मेच्या नकाराच्या संदेशात पहिल्या चाळणीची भाषा आहे. दुसरीचा त्यात मागमूस नाही. इथे निर्णय घसरला असे मी म्हणतो. स्ट्रिकलंड त्या दिवशी, नोबेल नसताना, ज्ञानकोशाच्या स्वतःच्या लिखित नियमांनुसार पात्र होत्या. त्यांच्यासाठी कुठलीही पट्टी खाली आणायची गरज नव्हती.

तपासणाऱ्या सदस्याला मात्र खलनायक करू नये. ते काम स्वयंसेवेचे आहे. इंग्रजी विकिपीडियावर २०१८ पासून नवख्या सदस्याला थेट लेख करता येत नाही. खाते किमान चार दिवसांचे आणि दहा संपादने झालेली असावी लागतात. तोवर मसुदा करून रांगेत थांबायचे. त्यामुळे रांग लांबते आणि प्रत्येक मसुद्याच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. त्या मिनिटांत तळटिपांवर नजर टाकायची, कोणती संकेतस्थळे आहेत ते बघायचे आणि संदेश लावायचा, ही सवय कोणालाही लागेल. तपासणाऱ्यांसाठीची सूचना खरे तर उदार आहे: लेख ठेवायचा की वगळायचा हे ठरवणाऱ्या चर्चेत तो टिकण्याची शक्यता न टिकण्यापेक्षा जास्त वाटली तर मसुदा स्वीकारा. पण घाईत माणूस उलट प्रश्न विचारतो, यात मला काय खटकते?

मसुदा पाठवणाऱ्या सदस्याच्या बाजूनेही बघितले पाहिजे. नकार म्हणजे दार बंद नसते. सुधारून पुन्हा पाठवता येते. पण नवख्या माणसाला ते कसे कळावे? त्याला दिसते लाल चौकट आणि कठोर वाक्य. बहुतेक जण तिथेच सोडून देतात. आणि सहा महिने कोणी हात लावला नाही, तर मसुदा वगळायला पात्र ठरतो. या प्रकरणाला एक जुना धागाही आहे. स्ट्रिकलंड यांच्यावर २०१४ मध्येही एक पान झाले होते. ते प्रताधिकार भंगाच्या कारणाने वगळले गेले. तो निर्णय योग्यच होता, दुसऱ्याचा मजकूर उचलून ज्ञानकोश लिहिता येत नाही. पण मजकूर गेला म्हणजे विषयही गेला असे नसते, आणि पुढची चार वर्षे ती जागा रिकामी राहिली.

आता मूरू यांच्या लेखाचा प्रश्न, कारण तो सर्वांत जास्त टोचतो. निबंध एकच, पुरस्काराचा वाटाही सारखाच. मग एकाचा लेख २००५ पासून आणि दुसरीचा मसुदा २०१८ मध्ये परत का? एक सरळ उत्तर आहे: मूरू ज्येष्ठ होते, मिशिगन विद्यापीठातल्या मोठ्या संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक होते, नंतर फ्रान्समध्ये प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, त्यांच्याविषयी लिहिले गेलेले अधिक होते. शिवाय २००५ मध्ये लेख करणे फार सोपे होते. तेव्हा आजच्यासारखी रांगच नव्हती. हे सगळे खरे आहे. तरीही मला तेवढ्यावर थांबता येत नाही. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत महिलांचे प्रमाण त्या वर्षी सुमारे १८ टक्के होते. ज्ञानकोश स्वतः कोणाला मोठे करत नाही. इतरांनी लिहिले असेल त्याच्याच आधारावर तो लिहितो. वर्तमानपत्रे, पुरस्कार समित्या, विद्यापीठांचे चरित्रकार यांनी ज्यांच्याकडे पाहिलेच नाही, त्यांच्यासाठी ‘भरीव दखल’ कुठून आणायची? चाळणी प्रामाणिक असली तरी तिच्यात पडणारे धान्यच आधी निवडून आलेले असते.

यावर काही जण म्हणतात, महिला शास्त्रज्ञांसाठी नियमच सैल करा. मला ते पटत नाही, आणि या प्रकरणामुळे तर अजिबातच नाही. नियम सैल केल्यावर जे लेख येतील त्यांच्यावर कायम ‘सवलतीचा’ शिक्का बसेल. जिवंत व्यक्तीवरचा लेख ही काही भेटवस्तूही नाही. दोन-तीन ओळींच्या तुटपुंज्या स्रोतांवर उभ्या लेखात उद्या कोणी खोटे घुसडले तर ते पकडणार कोण, आणि त्रास कोणाला? स्रोत हवेत ते त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठीही. करायचे ते वेगळेच आहे. जे निकष आधीच लिहिलेले आहेत ते प्रत्येकाला सारख्याच मेहनतीने लावायचे. पदाच्या नावावरून अंदाज न बांधता, ‘मसुद्यात नाही’ म्हणून ‘जगात नाही’ असे न मानता, नाकारण्याआधी पाच मिनिटे स्वतः शोधायचे. स्ट्रिकलंड यांच्या बाबतीत त्या पाच मिनिटांत अध्यक्षपद सापडले असते.

मसुदे लिहिणाऱ्यांसाठीही यात धडधडीत कामाची गोष्ट आहे. बहुतेक चरित्रमसुदे जन्म, शिक्षण, नोकरी अशा क्रमाने चालतात आणि ज्याच्यामुळे व्यक्ती पात्र ठरते ते वाक्य चौथ्या परिच्छेदात दडलेले असते. ते पहिल्या ओळीत यायला हवे. ‘अमुक विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक आहेत’ ही ओळ माहिती देते. ‘२०१३ मध्ये ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या’ ही ओळ निर्णय देते. आणि मसुद्याच्या चर्चापानावर आपण कोणत्या निकषाखाली दावा करतो ते एका वाक्यात लिहून ठेवावे. तपासणाऱ्याला योग्य पान उघडून देण्यासारखे आहे ते.

माझ्यापुरते, त्या दिवशी तो मसुदा माझ्या पुढ्यात असता तर मी तो स्वीकारून खाली अशी टीप ठेवली असती: ‘अभ्यासकांच्या निकषांनुसार पात्र. ऑप्टिकल सोसायटीचे अध्यक्षपद, २०१३; फेलो, २००८; दोन्हींसाठी संस्थेचे पान पुरेसे. सीपीएविषयीचा परिच्छेद अजून अशक्त आहे, त्याला स्ट्रिकलंड यांच्या स्वतःच्या निबंधाखेरीज एखादा आढावा निबंध जोडावा. विद्यापीठाच्या पानावरची विशेषणे काढली आहेत. जन्मसालाला संदर्भ नव्हता म्हणून तूर्त वगळले, मिळाल्यास घालावे.’